क्वीन आणि सिनेमा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचे चाहते साधारण दोन दारांनी आत येतात. काहींनी आधी गाणी ऐकलेली असतात, काहींनी बँडवरचा २०१८ चा 'बोहेमियन ऱ्हाप्सडी' हा चित्रपट आधी पाहिलेला असतो. दोघांनाही पुढे पडणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात ठेवा: क्वीनचं एकच गाणं चित्रपटात एका रूपात, अल्बमवर दुसऱ्या रूपात आणि सिंगलवर (एकट्या गाण्यासाठी काढलेल्या तबकडीवर) कधीकधी तिसऱ्याच रूपात सापडतं. "मी ऐकलेलं गाणं हे नव्हे" ही तक्रार बहुतेक वेळा तिथूनच येते.

क्वीनने नेमक्या किती चित्रपटांना संगीत दिलं?

बँडच्या नावावर पूर्ण साउंडट्रॅक अल्बम असलेला कथापट एकच, 'फ्लॅश गॉर्डन' (१९८०). त्यातही वाद्यवृंदाचं पार्श्वसंगीत हॉवर्ड ब्लेक यांचं आहे. 'हायलँडर' (१९८६) साठी बँडने गाणी केली, पार्श्वसंगीत मायकेल केमन यांचं. त्याच वर्षीच्या 'आयर्न ईगल'मध्ये 'वन व्हिजन' आहे. जॉर्जिओ मोरोडर यांनी १९८४ मध्ये 'मेट्रोपोलिस' या जुन्या मूकपटाची नवी आवृत्ती आणली, तिच्यासाठी क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरीने 'लव्ह किल्स' गायलं. ते फ्रेडीच्या एकट्याच्या नावावर आहे, क्वीनच्या नाही.

बाकी ठिकाणी दिग्दर्शकांनी आधीची गाणी उचललेली आहेत. 'अ नाइट्स टेल'च्या (२००१) सुरुवातीला घोडेस्वारांच्या सामन्यात 'वी विल रॉक यू', 'शॉन ऑफ द डेड'मधल्या (२००४) पबमधल्या मारामारीला 'डोन्ट स्टॉप मी नाऊ', 'बेबी ड्रायव्हर'मध्ये (२०१७) 'ब्रायटन रॉक'. यांतलं 'शॉन'चं काम आम्हाला सगळ्यांत हुशारीचं वाटतं, कारण तिथे फटके तालावर बसवलेत. म्हणजे गाणं त्या प्रसंगाचा सांगाडाच झालं आहे.

'फ्लॅश गॉर्डन'चा अल्बम लावला की मधेमधे संवाद ऐकू येतात. माझी प्रत बिघडलेली आहे का?

नाही. ८ डिसेंबर १९८० ला आलेला हा अल्बम मुद्दाम तसाच केला आहे. १८ ट्रॅक, सगळे मिळून सुमारे ३५ मिनिटं, आणि चित्रपटातले संवाद संगीतात विणलेले. पूर्ण शब्दांची गाणी दोनच, पहिलं 'फ्लॅशेस थीम' आणि शेवटचं 'द हीरो'. मधले तुकडे छोटे आहेत आणि एकातून दुसरा सुरू होतो. म्हणून शफल बंद करून, क्रमाने आणि एका बैठकीत ऐका. मोबाइलच्या प्लेअरमध्ये दोन ट्रॅकच्या मध्ये क्षणभर शांतता येत असेल, तर सेटिंगमध्ये 'गॅपलेस' चालू करा. नाहीतर प्रत्येक जोडावर अर्धवट तुटल्यासारखं वाटतं आणि दोष उगाच अल्बमला लागतो.

क्वीनच्या सत्तरच्या दशकातल्या अल्बमांवर "सिंथेसायझर वापरलेला नाही" असं अभिमानाने छापलेलं असायचं. १९८० च्या 'द गेम'मध्ये त्यांनी तो पहिल्यांदा वापरला आणि त्याच वर्षी 'फ्लॅश'मध्ये अगदी मोकळ्या हाताने. त्यामुळे 'अ नाइट अ‍ॅट दी ऑपेरा'वरून थेट इथे आलेला श्रोता बिचकतो. 'द गेम' आधी ऐकलं तर हा बदल अंगावर येत नाही. बँडचा गिटारवादक ब्रायन मे याची गिटार ऐकायचीच असेल तर 'वेडिंग मार्च' शोधा. लग्नातली नेहमीची धून त्याने गिटारच्या थरांवर थर चढवून उभी केली आहे.

'ग्रेटेस्ट हिट्स'मधलं 'फ्लॅश' आणि अल्बममधलं वेगळं का वाटतं?

कारण ते वेगळंच आहे. १९८१ च्या 'ग्रेटेस्ट हिट्स'वर सिंगलची आवृत्ती आहे. ती अल्बममधल्या 'फ्लॅशेस थीम'पेक्षा छोटी आहे आणि तिच्यातले संवादांचे तुकडे वेगळे निवडलेले आहेत.

'हायलँडर'चा साउंडट्रॅक अल्बम कुठे मिळेल?

'हायलँडर'चा अधिकृत साउंडट्रॅक अल्बम चित्रपटासोबत निघालाच नाही. त्या नावाने कुणी जुनी एलपी विकत असेल तर पैसे देण्याआधी थांबा. चित्रपटातली गाणी २ जून १९८६ ला आलेल्या 'अ काइंड ऑफ मॅजिक'वर आहेत. अल्बमवर नऊ गाणी. त्यांतली सहा 'हायलँडर'ची: 'अ काइंड ऑफ मॅजिक', 'वन इयर ऑफ लव्ह', 'हू वॉन्ट्स टू लिव्ह फॉरएव्हर', 'गिमी द प्राइज', 'डोन्ट लूज युअर हेड' आणि 'प्रिन्सेस ऑफ द युनिव्हर्स'. 'वन व्हिजन' 'आयर्न ईगल'चं. 'पेन इज सो क्लोज टू प्लेझर' आणि 'फ्रेंड्स विल बी फ्रेंड्स' या दोघांचा चित्रपटाशी संबंध नाही.

पण चित्रपटात वाजतं ते सगळं अल्बमवर जसंच्या तसं नाही. महत्त्वाचे फरक असे:

'हू वॉन्ट्स टू लिव्ह फॉरएव्हर'चं पहिलं कडवं अल्बमवर ब्रायन मे गातो आणि फ्रेडी नंतर येतो. चित्रपटात पहिल्यापासून फ्रेडीचाच आवाज आहे. गाणं मेचं आहे. चित्रपटाचे कच्चे तुकडे पाहून घरी परतताना गाडीतच त्याला ते सुचलं. नायक तरुणच राहतो आणि बायको म्हातारी होत जाते, त्या प्रसंगावर ते वाजतं. आमचं मत विचाराल तर ऐकायला अल्बमची आवृत्ती चांगली, पण प्रसंगासाठी चित्रपटाचीच हवी. तिथे दुसरा आवाज मध्ये आला असता तर एकाच माणसाचा एकटेपणा विरला असता.

'अ काइंड ऑफ मॅजिक' हे बँडचा ड्रमर रॉजर टेलरचं गाणं. शेवटच्या श्रेयनामावलीवर त्याची मूळ मांडणी वाजते. रेडिओवर सतत ऐकू येणारं सिंगल फ्रेडीने नंतर नव्याने बांधलं, म्हणून ते हलकं आणि नाचरं आहे. चित्रपटाची आवृत्ती हवी असेल तर अल्बमच्या २०११ च्या पुनर्प्रकाशनासोबतचे जादा ट्रॅक पाहा.

'न्यूयॉर्क, न्यूयॉर्क'चा क्वीनने गायलेला छोटा तुकडा फक्त चित्रपटात आहे. तो स्वतंत्रपणे प्रसिद्ध झालेला नाही. पूर्ण लांबीचं गाणं म्हणून कुणी फाइल पाठवली तर तिच्यावर विश्वास ठेवू नका.

एका प्रसंगात मागे 'हॅमर टू फॉल' ऐकू येतं. ते १९८४ च्या 'द वर्क्स' अल्बममधलं, म्हणून 'अ काइंड ऑफ मॅजिक'वर शोधून सापडत नाही.

मला चित्रपटाच्या क्रमाने यादी बनवायची आहे.

सुरुवातीच्या नावांवर 'प्रिन्सेस ऑफ द युनिव्हर्स', मग 'गिमी द प्राइज', 'वन इयर ऑफ लव्ह', 'हू वॉन्ट्स टू लिव्ह फॉरएव्हर' आणि शेवटी 'अ काइंड ऑफ मॅजिक'. 'हॅमर टू फॉल' आणि 'डोन्ट लूज युअर हेड' उत्तरार्धात, शेवटच्या गाण्याच्या आधी बसवा. 'प्रिन्सेस'च्या व्हिडिओत नायक क्रिस्तोफर लँबर्ट स्वतः फ्रेडीसमोर तलवार घेऊन उभा आहे, तोही जरूर पाहा.

माझ्या डीव्हीडीवर गाणी किंचित चढी वाजतात आणि गिटार जुळत नाही. कान खराब झाले का?

कान शाबूत आहेत. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित होतो. पाल (युरोप-भारतातली टीव्हीची पद्धत) पद्धतीच्या डीव्हीडीवर तो २५ चौकटींनी पळवला जातो, म्हणजे सुमारे ४ टक्के जास्त वेगाने. आवाजही तेवढाच पळतो आणि सूर सुमारे ७० सेंट वर जातो. शंभर सेंटचा एक अर्धस्वर, म्हणजे हा फरक पाऊण अर्धस्वराच्या जरा आत. धड खालच्या पट्टीत नाही, धड वरच्या पट्टीत नाही, म्हणून कॅपो (गिटारची पट्टी चढवणारी चिमटी) लावूनही जमत नाही.

उपाय सोपा आहे. संगणकावर व्हीएलसी प्लेअरमध्ये वेग ०.९६ करा आणि ऑडिओच्या सेटिंगमधला 'टाइम स्ट्रेचिंग'चा पर्याय बंद करा. तो चालू राहिला तर वेग कमी होतो पण सूर तसाच चढा राहतो. इथेच बहुतेकांचं चुकतं. मग अल्बममधलं तेच गाणं लावून ट्यूनरवर ताडून बघा. काही कंपन्यांनी पाल डिस्क बनवताना सूर आधीच खाली आणलेला असतो. तशी डिस्क असेल तर लांबी कमी भरेल पण सूर बरोबर असेल, आणि वेग कमी करताना 'टाइम स्ट्रेचिंग' चालू ठेवावं लागेल. ब्लू-रेवर चित्रपट साधारणपणे २४ चौकटींनीच असतो, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही.

यातूनच दुसरा घोटाळा होतो. 'हायलँडर'ची युरोपीय आवृत्ती ११६ मिनिटांची आहे आणि अमेरिकेत लागलेली साधारण १११ मिनिटांची. आता ११६ मिनिटांचा चित्रपट पालवर पळवला की तोही सुमारे १११ मिनिटांतच संपतो! त्यामुळे वेष्टनावरची मिनिटं पाहून आवृत्ती ठरवू नका. दुसऱ्या महायुद्धात नायक एका लहान मुलीला वाचवतो, तो प्रसंग शोधा. असला तर युरोपीय आवृत्ती, नसला तर अमेरिकी.

परदेशातून डिस्क मागवणार असाल तर विभागही (रीजन) बघा, कारण डिस्क सहसा आपल्या विभागाच्या प्लेअरवरच चालते. भारत डीव्हीडीसाठी विभाग ५ मध्ये आणि ब्लू-रेसाठी विभाग सी मध्ये येतो. ब्रिटनची डीव्हीडी विभाग २ ची, ब्लू-रे विभाग बी ची. 'सर्व विभाग' लिहिलेली डिस्क घेतली तर चिंता नाही.

'रेडिओ गा गा'च्या व्हिडिओतलं ते जुनं शहर कुठलं?

फ्रिट्झ लांग यांच्या १९२७ च्या 'मेट्रोपोलिस' या जर्मन मूकपटातलं. दृश्यं वापरण्याचे हक्क तेव्हाच्या पूर्व जर्मनीच्या सरकारकडून घ्यावे लागले होते. व्हिडिओ डेव्हिड मॅलेट यांनी दिग्दर्शित केला. टाळ्यांच्या प्रसंगातली गर्दी म्हणजे बँडच्या फॅन क्लबचे सभासद आहेत. डोक्यावर हात नेऊन वाजवलेल्या त्या दोन टाळ्या पुढे १३ जुलै १९८५ ला 'लाइव्ह एड' या मदतनिधीच्या कार्यक्रमात वेम्बली स्टेडियमभर उमटल्या. मूकपटातल्या राबणाऱ्या कामगारांच्या रांगा आणि स्टेडियममधले ते हात एकदा शेजारी ठेवून पाहा. इतक्या वर्षांनीही अंगावर काटा येतो.

'बोहेमियन ऱ्हाप्सडी' अमेरिकेत चित्रपटामुळे गाजलं म्हणतात, ते खरं का?

अर्धं खरं. १९७६ मध्येच ते तिथे नवव्या क्रमांकावर गेलं होतं. 'वेन्स वर्ल्ड' (१९९२) मध्ये गाडीतली पोरं माना झटकत ते गातात, तो प्रसंग आल्यावर गाणं पुन्हा निघालं आणि दुसऱ्या क्रमांकावर पोचलं. फ्रेडीला जाऊन तेव्हा काही महिनेच झाले होते, २४ नोव्हेंबर १९९१. ब्रिटनमध्ये मात्र ते पहिल्यांदाच, १९७५-७६ च्या हिवाळ्यात, सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं.

२०१८ चा 'बोहेमियन ऱ्हाप्सडी' कितपत खरा मानायचा?

भावना खरी, कालक्रम नाही. त्यावर प्रेम करा, पण तारखा त्यातून घेऊ नका.

चित्रपटात फ्रेडी गाडीतळावर ब्रायन आणि रॉजरला भेटतो आणि त्यांचा गायक नुकताच सोडून गेलेला असतो. प्रत्यक्षात तो गायक, टिम स्टाफेल, फ्रेडीचा कला महाविद्यालयातला मित्र होता आणि फ्रेडी त्या बँडला आधीपासून ओळखत होता. बास गिटार वाजवणारा जॉन डीकन पहिल्या कार्यक्रमापासून दिसतो, पण तो १९७१ मध्ये आला. सुरुवातीच्या अमेरिका दौऱ्यात 'फॅट बॉटम्ड गर्ल्स' वाजतं, ते गाणं १९७८ चं. 'वी विल रॉक यू' घडताना फ्रेडीला मिशी आहे. गाणं १९७७ चं, मिशी १९८० ची. रिओतला तो विराट समुदाय चित्रपटात सत्तरच्या दशकात येतो, पण रॉक इन रिओ जानेवारी १९८५ मध्ये झालं.

सगळ्यांत खटकणारी गोष्ट वेगळी. फ्रेडी एकट्याचा अल्बम करायला निघाला म्हणून बँड फुटला आणि लाइव्ह एडसाठी पुन्हा जुळला, असं दाखवलंय. बँड फुटलाच नव्हता. लाइव्ह एडच्या दोन महिने आधी, मे १९८५ मध्ये, ते जपानात कार्यक्रम करत होते. आणि एकट्याचा अल्बम काढणारा फ्रेडी पहिला नव्हता. रॉजर टेलरचा १९८१ मध्येच निघाला होता, तर फ्रेडीचा 'मिस्टर बॅड गाय' १९८५ चा. फ्रेडीच्या एचआयव्हीचं निदान चित्रपटात लाइव्ह एडच्या आधी आहे. प्रत्यक्षात ते त्यानंतरचं, साधारण १९८७ मधलं मानलं जातं. रे फॉस्टर हा कंपनीचा अधिकारी काल्पनिक आहे. त्याची भूमिका माइक मायर्सने केली, म्हणजे 'वेन्स वर्ल्ड'मधल्या वेननेच. त्याच्या तोंडी या गाण्यावर गाडीत कुणी माना हलवणार नाही अशा अर्थाचं वाक्य आहे. ती मेख आधीचा चित्रपट पाहिलेल्यालाच कळते.

त्यात गाणारा आवाज फ्रेडीची भूमिका करणाऱ्या रामी मॅलेकचा आहे का?

बहुतांश नाही. फ्रेडीची मूळ ध्वनिमुद्रणं, मार्क मार्टेल या गायकाचा आवाज आणि थोडा मॅलेकचा स्वतःचा, असं मिश्रण आहे. मॅलेकचं खरं काम शरीराचं आहे, आणि अभिनयाचं ऑस्कर त्याला उगाच नाही मिळालं. चित्रपटाला एकूण चार ऑस्कर मिळाली. उरलेली तीन संकलन, ध्वनिसंकलन आणि ध्वनिमिश्रण यांची. चित्रपट सुरू होताना फॉक्स कंपनीची जी धून वाजते, तीही मे आणि टेलर यांनी वाजवलेली आहे. उशिरा आत शिराल तर ती हुकेल.

लाइव्ह एडचा प्रसंग पूर्ण आहे का?

चित्रपटगृहात दाखवला तो पूर्ण नव्हता. क्वीनने त्या दिवशी सुमारे २१ मिनिटांत सहा गाणी घेतली: 'बोहेमियन ऱ्हाप्सडी'चा भाग, 'रेडिओ गा गा', 'हॅमर टू फॉल', 'क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह', 'वी विल रॉक यू'चा भाग आणि 'वी आर द चॅम्पियन्स'. 'क्रेझी लिटल थिंग' आणि 'वी विल रॉक यू' चित्रपटातून वगळली, पण चित्रीकरण दोन्हींचं झालं होतं. ब्लू-रेच्या जादा भागात पूर्ण प्रसंग आहे. साउंडट्रॅकवरही ही दोन गाणी लाइव्ह एडची नाहीत. मूळ कार्यक्रमाची फीत आणि चित्रपटातला प्रसंग एका पाठोपाठ एक पाहा. पियानोवरचे कागदी पेलेसुद्धा जागच्या जागी आहेत.

प्रत्यक्ष कार्यक्रमाचा कुठला चित्रपट आधी पाहू?

'क्वीन रॉक माँट्रिअल'. २४ आणि २५ नोव्हेंबर १९८१ च्या दोन रात्री, ३५ मिमी फिल्मवर. जानेवारी २०२४ मध्ये तो आयमॅक्सच्या पडद्यावर आला आणि टिकला, याचं कारण हीच फिल्म. "यात 'रेडिओ गा गा' का नाही?" असं पुष्कळ जण विचारतात. ते गाणं तेव्हा लिहिलंच गेलं नव्हतं.

त्यानंतर बुडापेस्ट, २७ जुलै १९८६. फ्रेडी तिथे हंगेरियन लोकगीत गातो आणि शब्द तळहातावर लिहून आणलेले असतात. तो हात बघत गातो आणि सारं स्टेडियम त्याच्याबरोबर गातं. तरुण, काळ्या-पांढऱ्या पोशाखातलं क्वीन हवं असेल तर १९७४ चं 'रेनबो' (लंडनच्या त्या नावाच्या थिएटरमधला कार्यक्रम).

आम्ही गटाने पाहणार आहोत. 'वी विल रॉक यू'चा ठेका दर वेळी विस्कटतो, का?

चौथ्या मात्रेला कुणीतरी टाळी देतं म्हणून. चार समान मात्रा मोजा: पाय, पाय, टाळी, रिकामी. चौथी खरोखर रिकामी सोडा. दुसरी चूक वेगाची. ठेका मिनिटाला सुमारे ८१ ठोक्यांचा आहे, एका ठोक्यात दोन मात्रा. लोक उत्साहात पळतात आणि कडव्यातले शब्द तोंडात मावत नाहीत. एकाने मोबाइलवर मेट्रोनोम ८१ ला लावून कानात ठेवावा आणि त्यानेच सुरुवात करावी. मूळ ध्वनिमुद्रणात ड्रम नाहीत. लाकडी फळ्यांवर पाय आपटून आणि टाळ्या वाजवून त्याचे थर चढवले आहेत. प्रत्येक थर थोडा उशिरा येतो, म्हणून चार माणसंही जमावासारखी वाटतात. तुमच्या खोलीतही फरशीपेक्षा लाकडी पाट किंवा फळीवर आवाज भरीव येतो.

घरात मित्रांबरोबर पाहणं वेगळं. सभागृहात, सोसायटीच्या कार्यक्रमात किंवा तिकीट लावून दाखवणार असाल तर ओटीटीची वर्गणी पुरत नाही, हक्कधारकाची परवानगी घ्यावी लागते. नुसती गाणी वाजवायची तरी शब्द-चालीचा हक्क वेगळा आणि ध्वनिमुद्रणाचा वेगळा, हे आयोजकाने आधीच विचारून घ्यावं.

पाचगणीचा संबंध चित्रपटात का नाही?

कारण चित्रपटाची गोष्ट १९७० मध्ये सुरू होते. झांझिबारमध्ये जन्मलेला फारुख बलसारा, म्हणजे पुढचा फ्रेडी, आठव्या वर्षी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वसतिगृहात आला आणि १९६३ पर्यंत भारतात होता. पियानो तो इथे शिकला, 'फ्रेडी' हे नाव इथेच पडलं आणि 'द हेक्टिक्स' हा पहिला बँडही इथलाच. त्यात तो पियानो वाजवायचा. बलसारा हे पारशी आडनाव बलसारवरून, म्हणजे आजच्या वलसाडवरून आलं.

जायचं असेल तर पुण्याहून साधारण १०० किलोमीटर. सातारा रस्त्याने सुरूर फाट्याला वळा, मग वाई आणि पसरणी घाट. स्वारगेटहून महाबळेश्वरला जाणाऱ्या एसटीने पाचगणीला उतरता येतं. पावसाळ्यात घाटात दाट धुकं असतं, सकाळी लवकर निघा. शाळा चालू शाळा आहे, स्मारक नाही. आधी कार्यालयाशी बोलून परवानगी मिळाली तरच आत जा, नाहीतर फाटकाबाहेरूनच पाहा आणि मुलांचे फोटो काढू नका.

पुतळा पाहायचा असेल तर तो स्वित्झर्लंडमध्ये माँत्रोला, सरोवराच्या काठावर आहे. त्याचं अनावरण २५ नोव्हेंबर १९९६ ला झालं. तिथल्या कॅसिनोतला बँडचा जुना स्टुडिओ २०१३ मध्ये चाहत्यांसाठी खुला झाला. झांझिबारच्या स्टोन टाउनमध्ये फ्रेडीच्या नावाचं संग्रहालय २०१९ मध्ये उघडलं.